अनशापोटीं कीं जेवणावर?

घरांतील वडील माणसांच्या उशाशीं असलेला औषधांचा डबा हल्लीं देवघरांतील समईइतकाच ओळखीचा झाला आहे. रक्तदाबाची गोळी, मधुमेहाची गोळी, थायरॉइडची गोळी, हाडांसाठीं आठवड्यांतून एकदां घ्यावयाची गोळी, अशी ती नामावळी सुरू झाली कीं लवकर संपत नाहीं. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर प्रत्येक गोळीच्या नांवापुढें एक अर्धी ओळ असते: 'जेवणापूर्वीं', 'जेवणानंतर', 'सकाळीं अनशापोटीं'. गोळीचें नांव आपण चष्मा लावून वाचतों, किंमत त्याहूनहि बारकाईनें वाचतों. पण ही अर्धी ओळ बहुधा कोणी वाचीत नाहीं, आणि वाचली तरी ती पाळण्यासाठीं आहे असें कोणास वाटत नाहीं. आम्हांसहि वाटत नव्हतें. आयुष्यभर मुलांकडून संस्कृतांतील एकेक मात्रा आणि एकेक विसर्ग घोकून घेणाऱ्या आम्हांस औषधाच्या मात्रेकडे डोळसपणें पाहणें मात्र सुचलें नाहीं. तें आम्हांस एका घरगुती प्रसंगानें शिकविलें.

आमच्या वहिनींचें वय सत्तरीच्या पुढें आहे. त्यांस थायरॉइडचा विकार असून त्यावरील गोळी त्या कित्येक वर्षें नेमानें घेत आल्या आहेत. नेम असा कीं, पहाटे उठून स्नान आटोपावें, तुळशीला पाणी घालावें आणि मग दुधाच्या चहाच्या पहिल्या घोटाबरोबर गोळी घ्यावी. चहाबरोबर कधीं पोहे, कधीं फोडणीची पोळी. आणि पाठोपाठ कॅल्शियमची गोळी. नेमांत एका दिवसाचाहि खंड नाहीं. तरी रक्ततपासणीचे आंकडे कांहीं केल्या सुधारेनात. दोन वर्षांत डॉक्टरांनीं गोळीची मात्रा तीनदां वाढविली.

एका दिवाळींत आमची नात घरीं आली. ती औषधनिर्माणशास्त्र शिकते. डबा आवरतां आवरतां तिनें सहज विचारलें, "मोठ्या आजी, ही गोळी तुम्ही कशाबरोबर घेतां?"

"चहाबरोबर. नुसत्या पाण्यानें ती घशाखालीं उतरत नाहीं गं," वहिनी म्हणाल्या.

नातीनें कांहीं न बोलतां चिठ्ठी पुढें केली. तीवर स्पष्ट अक्षरांत लिहिलें होतें: सकाळीं अनशापोटीं, पाण्याबरोबर, चहा-न्याहारी तासाभरानें.

वहिनींनीं दुसऱ्याच दिवसापासून नेम बदलला. गोष्ट येथेंच संपली असती तर हा लेख लिहिण्याचें कारण नव्हतें. पुढें महिन्या-दीड महिन्यानें त्यांची छाती धडधडूं लागली, हातांस कंप सुटला, रात्रीची झोंप उडाली. आम्ही सर्वजण घाबरून गेलों. डॉक्टरांकडे नेलें, रक्त तपासलें, तेव्हां उलगडा झाला. दुधाचा चहा, न्याहारी आणि कॅल्शियम यांच्या संगतींत गोळीचा बराचसा भाग आजवर फुकट जात होता, म्हणून डॉक्टर मात्रा वाढवीत गेले होते. आतां ती वाढलेली मात्रा पुरतेपणीं अंगीं लागूं लागली आणि ती जास्त झाली. मात्रा कमी केल्यावर सर्व कांहीं ठीक झालें. डॉक्टरांचा यांत दोष नव्हता. "गोळी रोज घेतां ना?" या त्यांच्या प्रश्नास वहिनींनीं दिलेलें "हो" हें उत्तरहि अक्षरशः खरें होतें. चहाची गोष्ट त्यांस कोणी सांगितली नव्हती. आणि नेम बदलला ही गोष्टहि आम्हीं सांगितली नाहीं. दोष आमच्या सर्वांचा होता.

त्या दिवशीं एक गोष्ट आमच्या मनावर कोरली गेली. औषध घेण्याची वेळ बदलणें म्हणजे औषधाची मात्रा बदलणें होय. चिठ्ठीवरील ती अर्धी ओळ कोणी, कशी आणि कोणाच्या जिवावर ठरविली, याचा शोध घ्यावा असें आमच्या मनानें घेतलें. त्या शोधांत जें हातीं लागलें तें वाचकांपुढें मांडतों.

आमच्या स्वभावाप्रमाणें आम्ही प्रथम जुन्या ग्रंथांकडे वळलों. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रांत चौसष्टाव्या अध्यायांत औषध घेण्याचे दहा काल सांगितले आहेत. अन्नावांचून नुसतें औषध घेणें तें 'अभक्त'. जेवणापूर्वीं तें 'प्राग्भक्त'. जेवणानंतर तें 'अधोभक्त'. जेवणाच्या मध्यावर तें 'मध्येभक्त'. दोन जेवणांच्या मधल्या वेळीं तें 'अंतराभक्त'. अन्नांतच मिसळून तें 'सभक्त'. जेवणाच्या आरंभीं व शेवटीं दोन्ही वेळां तें 'सामुद्ग'. वरचेवर घ्यावयाचें तें 'मुहुर्मुहुः'. घांसाबरोबर तें 'ग्रास' आणि दोन घांसांच्या मध्यें तें 'ग्रासांतर'. अन्नावांचून घेतलेलें औषध अधिक वीर्यवान् ठरतें, परंतु बालक, वृद्ध व सुकुमार प्रकृतीच्या माणसांस तें सोसत नाहीं, असाहि इशारा तेथें दिला आहे. औषधाचा गुण हा केवळ औषधांत नसून त्याच्या काळांतहि आहे, हें आमच्या पूर्वजांनीं पुरें ओळखलें होतें. 'अनुपान' हा शब्द तर आजहि घरोघरीं आहे.

तथापि एवढ्यावर अभिमानानें पाठ थोपटून घेणें बरें नव्हे. सुश्रुताच्या काळीं रोग्याकडे पाहून, अनुभवानें जें कळलें तें ग्रंथांत आलें. कोणतें औषध अन्नाबरोबर घेतल्यानें किती वाढतें आणि किती घटतें, हें आंकड्यांत सांगण्याचें साधन तेव्हां नव्हतें. तें आतां आहे. नवें औषध बाजारांत येण्यापूर्वीं तें रिकाम्या पोटीं व भरल्या पोटीं कसें वागतें याची परीक्षा निरोगी माणसांवर घेतात. औषध तोंडानें घ्यावयाचें असेल तर ही परीक्षा बहुधा चुकत नाहीं.

अशा परीक्षेस आमचा एक जुना विद्यार्थी बसला होता. कोणत्या शहरीं आणि कोणत्या संस्थेंत, हें येथें सांगण्याचें प्रयोजन नाहीं. त्यानें जें वर्णन केलें तें या परीक्षांच्या सर्वमान्य रीतीस धरून आहे, म्हणून तें सविस्तर देतों.

प्रथम त्याची संपूर्ण वैद्यकीय तपासणी झाली. मग एका सायंकाळीं त्यास व त्याच्यासारख्या इतर तरुणांस तेथें मुक्कामास बोलाविलें. रात्रीचें जेवण लवकर झालें आणि त्यानंतर निदान दहा तास कडकडीत उपास. सकाळीं हाताच्या शिरेंत एक बारीक नळी बसविली. ठरल्या मिनिटास गोळी दिली. तीबरोबर २४० मिलिलिटर पाणी, म्हणजे आपला एक मोठा पेला. त्याआधीं एक तास आणि त्यानंतर एक तास पाण्याचा थेंब नाहीं. पुढें चार तास अन्न नाहीं. गोळी खरोखर पोटांत गेली कीं नाहीं हें पाहण्यासाठीं तोंड उघडावयास लावून जिभेखालींहि पाहिलें. मग कांहीं मिनिटांच्या, पुढें कांहीं तासांच्या अंतरानें रक्ताचे नमुने घेतले. औषध अंगांतून पार नाहींसें होण्यास जेवढे दिवस लागतात तेवढे जाऊं दिले आणि सर्वांस पुन्हां बोलाविलें. या खेपेस सर्व कांहीं तसेंच. फक्त गोळीच्या अर्धा तास आधीं न्याहारीचें ताट पुढें ठेविलें, आणि तें अर्ध्या तासांत संपविलेंच पाहिजे अशी ताकीद दिली.

ती न्याहारी म्हणजे या परीक्षेचा कणाच होय. अमेरिकेच्या औषध-नियंत्रण खात्यानें २००२ सालीं प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेंत ती ८०० ते १००० कॅलरींची असावी, आणि त्यांतील ५०० ते ६०० कॅलरी एकट्या स्निग्ध पदार्थांच्या असाव्या असें सांगितलें आहे. उदाहरणादाखल दिलेलें ताट असें: लोण्यांत तळलेलीं दोन अंडीं, डुकराच्या मांसाचे दोन काप, लोणी लावलेले पावाचे दोन तुकडे, तळलेले बटाटे आणि पेलाभर सायीचें दूध. वाचकांनीं नाक मुरडण्याचें कारण नाहीं. उष्णता आणि स्निग्धता तेवढीच राखून पदार्थ बदलण्याची मुभा आहे. आणि आमच्या विद्यार्थ्यास मांसाऐवजीं तळलेलें पनीर, बटाटे, लोण्यानें थबथबलेला पाव व दूध मिळालें. तो म्हणाला, "गुरुजी, आपल्याकडे लग्नघरांत सुद्धां सकाळीं सातला एवढें स्निग्ध कोणी खात नसेल. पण पानांत कण टाकण्याची सोय नाहीं. एकानें खाल्लें आणि गोळी घेतल्यावर लगेच ओकला. त्याचा हिशेब वगळला."

एवढ्या तुपालोण्याचा अट्टाहास कां? तर अन्नाचा जास्तींत जास्त परिणाम काय होऊं शकतो तें कळावें म्हणून. आणि एकाच माणसास दोन्ही प्रकारें औषध कां द्यावयाचें? तर गोपाळाचें पोट आणि गोविंदाचें पोट सारखें नसतें म्हणून. गोपाळाची उपाशीपोटींची अवस्था गोपाळाच्याच भरल्या पोटाशीं ताडून पाहिली म्हणजे भेद केवळ अन्नाचा उरतो. त्यांतहि निम्म्यांस आधीं उपाशी आणि निम्म्यांस आधीं जेवूं घालून देतात; कोणाचा क्रम कोणता हें चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणें ठरतें. शेवटीं रक्तांतील औषधाच्या प्रमाणाची कमान कागदावर काढतात. तिचें शिखर किती उंच गेलें आणि तिच्याखालचें क्षेत्रफळ किती भरलें, हे दोन आंकडे महत्त्वाचे. अन्न घेऊन आणि अन्नावांचून या आंकड्यांचें जें गुणोत्तर येतें तें, संख्याशास्त्राच्या हिशेबानें, शेंकडा ८० ते १२५ या मर्यादेंत सांपडलें, तर अन्नाचा लक्षणीय परिणाम नाहीं असें धरतात. नाहीं सांपडलें, तर तो फरक रोग्याच्या दृष्टीनें किती महत्त्वाचा आहे हें पाहून चिठ्ठीवरील ती अर्धी ओळ ठरते.

अन्नानें असा फरक कां पडावा, याचीं कारणें स्वयंपाकघरांत वावरणाऱ्यांस सहज समजतील. हिंग नुसत्या पाण्यांत कालविला तर तो फुलत नाहीं. तापल्या तुपाच्या फोडणींत टाकला कीं घरभर दरवळतो. कांहीं औषधेंहि अशींच स्नेहप्रिय आहेत. पाण्यांत तीं विरघळत नाहींत; तूपतेल पोटांत गेलें, त्याच्या पचनासाठीं पित्त सुटलें, कीं त्याबरोबर तींहि विरघळून रक्तांत शिरतात. गजकर्णावरील ग्रिसिओफुल्विन स्निग्ध अन्नाबरोबर अधिक लागू पडतें तें यामुळें. हिंवतापावरील ल्युमेफॅन्ट्रिन निरोगी माणसांस स्निग्ध जेवणानंतर दिलें तेव्हां तें उपाशीपोटीं घेतल्याच्या सोळा पट रक्तांत उतरलें. उलट टेट्रासायक्लिन घ्या. दुधांतील कॅल्शियम त्यास अशी घट्ट मिठी मारतें कीं दोघेंहि आंतड्यांतून तशींच बाहेर जातात. शिवाय जड जेवण पोटांत बराच वेळ रेंगाळतें, त्यामुळें गोळीहि तेथेंच अडकून पडते आणि तिचा प्रभाव उशिरां दिसतो.

हे प्रयोग सर्व परदेशांतच झाले असें मात्र नव्हे. आमच्या देशास ज्या रोगानें पिढ्यान् पिढ्या पोखरलें त्या क्षयावरील रिफॅम्पिसिन हें मुख्य औषध. हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेंतील कल्पगम् पोलासा व कमला कृष्णस्वामी या दोन विदुषींनीं अन्नाचा या औषधावर काय परिणाम होतो तें तपासलें आणि १९८३ सालीं तें प्रसिद्ध केलें. अन्नाबरोबर घेतल्यास रिफॅम्पिसिन रक्तांत कमी उतरतें असें त्यांस आढळलें. क्षयाच्या जंतूंस अपुरी मात्रा मिळाली तर ते मरत नाहींत, उलट निर्ढावतात. म्हणून ही गोष्ट किरकोळ नव्हे. क्षयी मुलास आई प्रेमानें तूपसाखरेचा शिरा खाऊं घालून वर गोळी देते, तेव्हां ती नकळत औषधाची धार बोथट करीत असते. शिरा जरूर द्यावा, पण गोळीनंतर ठरल्या अंतरानें. मळमळ सोसत नसेल तर काय करावें हें डॉक्टरांनींच सांगावें. तें घरीं ठरवूं नये.

दुसरें उदाहरण तर आमच्या मसाल्याच्या डब्यांतलें आहे. सुंठ, मिरें व पिंपळी यांच्या त्रिकटूची आयुर्वेदांत मोठी ख्याति. जम्मू येथील प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेंत अटल व त्यांचे सहकारी यांनीं त्रिकटूमुळें इतर औषधें रक्तांत अधिक कां उतरतात याचा अभ्यास केला आणि १९८१ सालीं तो मांडला. मिऱ्यांतील व पिंपळींतील तिखट द्रव्य, पिपेरीन, हें त्यांतील एक मर्म होय. पुढें निरोगी स्वयंसेवकांस सात दिवस रोज २० मिलिग्रॅम पिपेरीन देऊन प्रोप्रॅनोलॉल या हृदयाच्या व रक्तदाबाच्या औषधाची परीक्षा घेतली. १९९१ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासांत औषधाचें शिखर लवकर आणि अधिक उंच आलें. याच विचारांतून २००९ सालीं रिफॅम्पिसिनची मात्रा कमी करून तीबरोबर पिपेरीन घातलेली गोळी आपल्या देशांत बाजारांत आली. हें वाचून कोणी रक्तदाबाच्या गोळीबरोबर त्रिकटूचें चाटण सुरू करूं नये, अशी आमची हात जोडून विनंती आहे. आमटींतील चिमूटभर मिऱ्यानें कांहीं बिघडत नाहीं. पण औषध म्हणून घेतलेलें चूर्ण हें दुसऱ्या औषधाची मात्रा वाढवूं शकतें. वहिनींची धडधड आम्ही विसरलों नाहीं.

आतां नागपुरकरांच्या मनांत जो प्रश्न आला असेल त्याकडे वळूं. आंबिया बहार असो कीं मृग बहार, ज्या गांवांत हंगामांत संत्र्यांच्या राशी दारावरून जातात, तेथें आजोबांच्या हातांत गोळीबरोबर संत्र्याच्या रसाचा पेला येणें अगदीं साहजिक आहे. आणि 'रक्तदाबाच्या गोळीवर लिंबूवर्गाचीं फळें चालत नाहींत' अशी एक अर्धवट वदंता घरोघर पसरलेली असते. तिचें मूळ असें आहे.

कॅनडांतील लंडन नांवाच्या शहरीं डेव्हिड बेली नांवाचे एक औषधशास्त्रज्ञ होते. तरुणपणीं ते नामांकित धावपटू. चार मिनिटांच्या आंत एक मैल धावणारे पहिले कॅनडियन. फेलोडिपिन या रक्तदाबावरील औषधावर मद्याचा काय परिणाम होतो हें त्यांस पाहावयाचें होतें. मद्याची चव लपावी म्हणून त्यांनीं तें ग्रेपफ्रूट या फळाच्या रसांत मिसळलें. आणि तुलना न्याय्य व्हावी म्हणून मद्य न घेणाऱ्यांसहि तोच रस दिला. रक्तांतील औषध पाहतात तों मद्य घेणारे आणि न घेणारे अशा दोघांतहि तें अपेक्षेपेक्षां कितीतरी जास्त! मद्याचा शोध घेण्यास निघालेले बेली अशा रीतीनें फळापाशीं येऊन पोहोंचले. त्यांनीं स्वतःवरहि प्रयोग करून पाहिला. ही हकीकत १९८९ ची. १९९१ सालीं त्यांनीं 'लॅन्सेट' या नियतकालिकांत सहा जणांवरील परीक्षा प्रसिद्ध केली. ग्रेपफ्रूटच्या रसाबरोबर घेतलेलें फेलोडिपिन पाण्याबरोबर घेतल्याच्या सरासरी २८४ टक्के रक्तांत उतरलें, म्हणजे जवळजवळ तिप्पट. एक गोळी घेणाऱ्यानें न कळत तीन घेतल्यासारखेंच झालें.

याचें कारण आंतड्याच्या अस्तरांत आहे. तेथें एक पाचक द्रव्य दरवानासारखें उभें असतें आणि येणाऱ्या औषधाचा बराच भाग दारांतच मोडून टाकतें. डॉक्टर मात्रा ठरवितात ती हा कर वजा जाणार हें धरूनच. ग्रेपफ्रूटमधील कांहीं द्रव्यें त्या दरवानास कायमचा निकामी करतात, आणि नवा दरवान उभा राहीपर्यंत एक-दोन दिवस किंवा अधिकहि जातात. म्हणून फळ सकाळीं आणि गोळी रात्रीं घेतली तरी सुटका नाहीं.

परंतु बेलींच्या त्याच परीक्षेंत संत्र्याच्या जातीचा, म्हणजे ऑरेंजचा रसहि दिला होता, आणि त्यानें फेलोडिपिनवर कांहींहि परिणाम केला नाहीं. आमचें नागपुरी संत्रें तर त्याहून निराळ्या, मँडरिन जातीचें. त्या जातीच्या टँजरिन फळाच्या रसाची फिनलंडांत निरोगी माणसांवर परीक्षा झाली; २००० सालीं प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासांत औषध अंगांत भिनण्यास प्रारंभीं थोडा विलंब झाला, याहून नांव घेण्याजोगा फरक दिसला नाहीं. ग्रेपफ्रूट हें पपनस आणि मोठें गोड संत्रें यांच्या संकरांतून बार्बाडोस बेटावर उपजलें. तेव्हां सावध राहावयाचें तें संत्र्यापासून नव्हे, तर गणपतीच्या दिवसांत कोंकणांतून येणाऱ्या पपनसापासून. त्यांतहि तीं द्रव्यें आहेत. कोलेस्टेरॉल, रक्तदाब वा प्रत्यारोपित मूत्रपिंडासाठीं औषधें घेणाऱ्यांनीं पपनस खाण्यापूर्वीं डॉक्टरांस विचारावें.

संत्रें निर्दोष ठरलें, पण त्याचा रस अनुपान म्हणून सर्वत्र चालतो असें नाहीं. २००२ सालीं बेली व त्यांच्या सहकाऱ्यांनींच दाखविलें कीं, शिंका व अंगावरील पित्त यांवरील फेक्सोफेनाडिन हें औषध संत्र्याच्या किंवा सफरचंदाच्या भरपूर रसाबरोबर घेतल्यास पाण्याच्या मानानें निम्म्याहूनहि कमी रक्तांत उतरतें. येथें दरवान निराळा. तो औषधास आंत घेणारा, आणि रस त्याचा हात धरून ठेवतो. आजींच्या हाडांसाठीं असलेलें अॅलेंड्रोनेट तर अनशापोटीं साध्या पाण्याबरोबर घेऊनहि शेंकडा एक भागाइतकेंहि अंगीं लागत नाहीं. संत्र्याचा रस किंवा कॉफी यांबरोबर त्यांतलेंहि सुमारें ६० टक्के जातें. म्हणजे आजी आठवड्यामागून आठवडे गोळी घेणार आणि हाड तसेंच ठिसूळ राहणार. संत्रें खावें, पोटभर खावें. पण गोळी पाण्याबरोबर घ्यावी आणि दोहोंत अंतर ठेवावें.

हें सारें ज्ञान ज्यांच्या रक्ताच्या थेंबाथेंबानें मिळालें त्या निरोगी माणसांविषयीं दोन शब्द लिहिणें आमचें कर्तव्य आहे. रोग्यास औषधापासून गुणाची आशा असते. या माणसांस ती नसते. ते जोखीम घेतात ती दुसऱ्यासाठीं, आणि हेंहि लपविण्यांत अर्थ नाहीं कीं, पुष्कळ वेळां पैशासाठीं. आमच्या विद्यार्थ्यानें त्या मोबदल्यांतून महाविद्यालयाची फी भरली. हें ऐकून आमच्या घरांतील कांहीं मंडळींनीं नापसंतीनें मान हालविली. आम्हांस मात्र आमचे वडील आठवले. ते सात घरीं वार लावून जेवले आणि शिकले. कोणत्या घरीं कसें वाढलें जाई हें ते म्हातारपणींहि विसरले नव्हते. गरजेपोटीं दुसऱ्याच्या पानावर बसण्याची ही रीत या जातीच्या घरांस नवी नाहीं. प्रश्न इतकाच कीं, गरजू माणसाचें 'हो' हें खरोखर मोकळ्या मनाचें 'हो' असतें काय?

जोखीम काल्पनिक नाहीं. २०१६ च्या जानेवारींत फ्रान्समधील रेन या शहरीं एका नव्या औषधाची निरोगी माणसांवर परीक्षा चालली होती. तींत अन्नाचा परिणाम पाहण्याचाहि एक भाग होता; त्या भागांत अनर्थ घडला नाहीं. परंतु जो गट रोज ५० मिलिग्रॅम औषध अनेक दिवस घेत होता, त्यांतील एक स्वयंसेवक दगावला आणि इतर कांहींस मेंदूच्या विकारानें रुग्णालयांत राहावें लागलें. आपल्या देशांत २०१९ सालीं नवीं औषधें व त्यांच्या परीक्षा यांसंबंधीं नियम झाले. नीतिसमितीची संमति, सहभागी होणाऱ्यास समजेल अशा भाषेंत दिलेली माहिती व घेतलेली लेखी अनुमति, इजा झाल्यास विनामूल्य उपचार आणि नुकसानभरपाई, या गोष्टी त्यांत बंधनकारक आहेत. कारण न देतां केव्हांहि बाहेर पडण्याचा हक्क प्रत्येकास आहे. घरचा कोणी तरुण अशा परीक्षेस जाण्याचें म्हणेल तर त्यास दटावूं नये आणि ढकलूंहि नये. कागद त्याच्यासह बसून वाचावा. समितीचें नांव, विम्याची तरतूद आणि औषध माणसांस पूर्वीं दिलें आहे कीं नाहीं, हे तीन प्रश्न विचारावे. आणि मागील परीक्षेनंतर पुरेसा काळ गेला नसतांना तो दुसरीकडे नांव लपवून जात नाहीं ना, हेंहि पाहावें. त्यांत त्याच्या जिवासहि धोका आहे आणि निघणारे आंकडेहि खोटे ठरतात.

आतां गृहस्थाश्रमांतील कांहीं व्यावहारिक गोष्टी सांगून लेख आवरतों. डॉक्टरी भाषेंतील अनशापोटीं याचा आणि आपल्या उपासाचा कांहीं संबंध नाहीं. एकादशीस दुप्पट खाशी ही म्हण आम्हीं केली नाहीं. दाण्याचें कूट आणि तूप घातलेली साबुदाण्याची खिचडी, वर बटाट्याचा कीस आणि दूध, हें ताट त्या अमेरिकन न्याहारीहून फारसें मागें नाहीं. म्हणून 'उपास आहे, पोट रिकामेंच आहे' हा हिशेब चुकीचा. याउलट खरा निर्जळी उपास करून साखर उतरविणारी गोळी नेहमींप्रमाणें घेणें हें त्याहून घातक. साखर एकाएकीं खालीं जाऊन माणूस बेशुद्ध पडूं शकतो. चतुर्थी, एकादशी, नवरात्र यांचा बेत मधुमेह्यानें डॉक्टरांस आधींच सांगावा. रक्त पातळ ठेवणाऱ्या रिव्हरॉक्सॅबनच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या अन्नाबरोबर घेतल्या तरच पुरत्या लागूं पडतात. त्या रिकाम्या पोटीं घेणें हें सोंवळेपणाचें नव्हे, अपुऱ्या औषधाचें लक्षण आहे.

आणि सर्वांत मुख्य गोष्ट. आजवर एखादी गोळी चुकीच्या वेळीं घेत आलों असें हा लेख वाचून कोणाच्या लक्षांत आलें, तर उद्यांपासून मुकाट्यानें वेळ बदलूं नये. आधीं डॉक्टरांस सांगावें, मग बदलावी. आम्हीं जें केलें नाहीं तें हेंच.

आमच्या घरांत आतां औषधाच्या डब्याच्या झाकणावर आंतल्या बाजूस एक कागद चिकटविलेला आहे. नातीनें तो सुवाच्य मोठ्या अक्षरांत लिहिला आहे: गोळीचें नांव, वेळ, आणि कशाबरोबर. वहिनी पहाटे उठतात, प्रथम पेलाभर पाण्याबरोबर गोळी घेतात, मग स्नान, मग तुळस. तेवढ्यांत तास होतो. चहा तसाच दुधाचा, तसाच गोड. आम्हीं एकदां गंमतीनें विचारलें, "वहिनी, आतां उतरते का घशाखालीं?"

"न उतरून सांगते कोणाला? त्या मुलांनीं पहाटे उठून रक्त दिलें, मला काय नुसतें पाणी पिववत नाहीं?" त्या म्हणाल्या.